नळापासून नाल्यापर्यंत: पाण्यातील मायक्रोप्लास्टिक कमी करण्यासाठी कोल्हापूरच्या घरांना मार्गदर्शन

पंचगंगेचा पूर ओसरला की घाटाजवळच्या झाडांच्या फांद्यांना प्लास्टिकच्या पिशव्या लोंबकळताना दिसतात. दिवाळीनंतर पाहिले तर त्यांतील पुष्कळशा पिशव्या चिंध्यांसारख्या विरलेल्या असतात आणि उन्हाळ्याच्या अखेरीस त्या दिसेनाशा होतात. त्या कुजलेल्या नसतात. उन्हातील अतिनील किरणांनी प्लास्टिक ठिसूळ होते, वाऱ्याने व पाण्याच्या घर्षणाने त्याचे तुकडे पडतात, त्या तुकड्यांचे आणखी तुकडे होतात आणि शेवटी डोळ्यांना न दिसणारी भुकटी मातीत व पाण्यात मिसळून राहते. या भुकटीला मायक्रोप्लास्टिक म्हणतात. हा शब्द आजच्या अर्थाने रूढ झाला तो ब्रिटिश सागरी शास्त्रज्ञ रिचर्ड थॉम्पसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या २००४ मधील शोधनिबंधापासून. शास्त्रीय लेखनात साधारणतः ५ मिलिमीटरपेक्षा लहान कणांना हे नाव देतात. आपल्या देशाच्या प्लास्टिक कचरा व्यवस्थापन नियमांतील २०२४ च्या दुरुस्तीने मात्र १ ते १००० मायक्रॉन आकाराच्या, पाण्यात न विरघळणाऱ्या घन प्लास्टिक कणांना मायक्रोप्लास्टिक म्हटले आहे. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. त्याहूनही बारीक कण नॅनोप्लास्टिक या नावाने ओळखले जातात.

या विषयावर आपल्याकडे जे बोलले जाते ते बहुधा पिण्याच्या पाण्यापाशी सुरू होते आणि पाणी शुद्ध करणाऱ्या यंत्राच्या खरेदीपाशी संपते. माझ्या मते ही अर्धीच बाजू आहे. कोल्हापूर शहर जे पाणी वापरून सोडते ते जयंती, दुधाळी आणि इतर नाल्यांतून पंचगंगेत उतरते, राजाराम बंधाऱ्यावरून पुढे जाते, रुई, इचलकरंजी आणि तेरवाडच्या बंधाऱ्यांशी थबकत नृसिंहवाडीला कृष्णेला मिळते. वाटेतल्या गावांना हीच नदी प्यावी लागते. त्यामुळे या लेखात नळातून येणाऱ्या पाण्याइतकाच मोरीतून जाणाऱ्या पाण्याचा विचार केला आहे, आणि घरात करण्याजोग्या कामांपैकी सर्वांत परिणामकारक कामे मोरीच्या बाजूची आहेत.

आधी महत्त्वाचा क्रम

जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये पिण्याच्या पाण्यातील मायक्रोप्लास्टिकविषयी अहवाल प्रसिद्ध केला. १५० मायक्रॉनपेक्षा मोठे कण शरीरात शोषले जाण्याची शक्यता कमी असून ते बहुतांशी बाहेर टाकले जातात, त्याहून बारीक कणांबाबत मात्र अधिक संशोधन हवे, असे त्यात म्हटले होते. त्यानंतर संशोधन पुढे गेले आहे. २०२२ मध्ये नेदरलँड्समधील संशोधकांना २२ पैकी १७ रक्तदात्यांच्या रक्तात प्लास्टिकचे अंश आढळले. इटलीतील एका अभ्यासात मानेतील रक्तवाहिनीतून शस्त्रक्रियेने काढलेल्या मेदाच्या थरांची तपासणी झाली. ज्यांच्या थरात प्लास्टिकचे कण होते अशा रुग्णांमध्ये पुढच्या सुमारे तीन वर्षांत हृदयविकाराचा झटका, पक्षाघात किंवा मृत्यू यांचे प्रमाण इतरांच्या साडेचार पट होते. हा अभ्यास मार्च २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला. यातून संबंध दिसतो, कारण सिद्ध होत नाही, ही मर्यादा त्या संशोधकांनीही नोंदवली आहे. तरीही काळजी घेण्यास एवढा आधार पुरेसा आहे असे मला वाटते.

ही काळजी घेताना एक क्रम कधीही उलटा होऊ देऊ नये. रोगजंतू आधी आणि प्लास्टिक नंतर. २०१२ मध्ये इचलकरंजीत दूषित पाण्यामुळे काविळीची मोठी साथ आली होती आणि त्यात माणसे दगावली होती. मायक्रोप्लास्टिकच्या भीतीने कोणी क्लोरीनचे नळाचे पाणी सोडून स्वच्छतेची खात्री नसलेल्या विहिरीचे किंवा झऱ्याचे पाणी पिऊ लागला, तर तो लहान धोका टाळण्यासाठी मोठा धोका पत्करत असतो. पुढे सांगितलेली कोणतीही पद्धत निर्जंतुकीकरणाला पर्याय नाही. ती त्याच्या जोडीने करावयाची आहे.

पायरी पहिली: आपले पाणी ओळखावे

कोल्हापुरातील घरात येणारे पाणी एकाच जातीचे नसते. काळम्मावाडी धरणातून थेट पाईपलाईनने आलेले पाणी नोव्हेंबर २०२३ पासून शहराला मिळू लागले. ते पुईखडीच्या केंद्रात शुद्ध होते. बालिंगा आणि शिंगणापूर येथील उपसा केंद्रे भोगावती आणि पंचगंगेवर आहेत. याखेरीज अनेक अपार्टमेंटमध्ये कूपनलिका असते, टंचाईच्या काळात टँकर येतो आणि कार्यालयांत वीस लिटरचे जार ठेवलेले असतात. यांपैकी आपल्या स्वयंपाकघरातील नळाला नेमके कोणते पाणी येते, आणि ते सोसायटीच्या टाकीत कूपनलिकेच्या पाण्यात मिसळले जाते का, हे सचिवांना किंवा टाकी सांभाळणाऱ्याला विचारून घ्यावे.

नंतर पाण्याची कठीणता आणि त्यात विरघळलेले क्षार, म्हणजे टीडीएस, पाहावे. टीडीएस मोजणारे पेनाच्या आकाराचे उपकरण बाजारात स्वस्तात मिळते. कठीणतेचा अंदाज घरीही घेता येतो: बाटलीत अर्धे पाणी घेऊन त्यात अंघोळीच्या साबणाचा किस टाकून हलवावे. भरपूर फेस आला तर पाणी मृदू आहे, आणि फेसाऐवजी पांढरा साका तरंगला तर ते कठीण आहे. कपड्यांची पावडर या चाचणीस चालत नाही, कारण ती कठीण पाण्यातही फेसाळते. अचूक आकडा हवा असल्यास भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या किंवा आरोग्य विभागाच्या जिल्हा प्रयोगशाळेत नमुना द्यावा. सह्याद्रीच्या माथ्यावर पडलेल्या पावसाचे धरणातले पाणी साधारणतः मृदू असते, तर कूपनलिकेचे बहुधा कठीण. हा फरक तिसऱ्या पायरीत निर्णायक ठरतो.

पायरी दुसरी: टाकी आणि नळजोडणी

शुद्धीकरण केंद्रात तुरटीसारख्या द्रव्याने गाळ धरवून, निवळवून आणि वाळूतून गाळून पाणी स्वच्छ केले जाते, तेव्हा मायक्रोप्लास्टिकचाही मोठा भाग गाळाबरोबर खाली बसतो. पण केंद्रातून निघालेले पाणी आपल्या पेल्यापर्यंत येताना आपल्याच घरातील प्लास्टिकला स्पर्श करते, आणि या टप्प्याकडे फारसे कोणी पाहत नाही.

गच्चीवरची प्लास्टिकची टाकी वर्षानुवर्षे उन्हात तापते. तिचा बाहेरचा थर हाताला पांढरी भुकटी लागेल इतका खडूसारखा झाला असेल, झाकण तडकले असेल किंवा आतील थर सोलला असेल, तर ती टाकी बदलावी. चांगल्या टाकीवरही सावली करावी. पत्र्याचे छोटे छप्पर पुरते. टाकी वर्षातून किमान दोनदा, त्यांपैकी एकदा पावसाळा संपल्यावर, धुवावी. धुताना तारेचा ब्रश किंवा घासणी आत वापरू नये, कारण त्यामुळे भिंतीवर ओरखडे पडून नवे कण सुटतात. जाड सुती फडके आणि मऊ ब्रश पुरेसा आहे. तळाशी उरणारा दोन-तीन इंच गाळ तोटीतून तसाच खाली सोडण्याची पद्धत चुकीची आहे. तो मगाने बादलीत काढून फडक्यातून गाळावा, वरचा साका वाळवून सुक्या कचऱ्यात द्यावा आणि टाकी निर्जंतुक करून मगच भरावी.

नवे नळकाम झाले असेल तर आणखी एक गोष्ट पाहावी. पीव्हीसी किंवा सीपीव्हीसी पाईप करवतीने कापल्यावर पांढरा भुसा निघतो आणि तो बहुधा पाईपच्या आतच राहतो. जोडावर गुंडाळलेल्या पांढऱ्या टेफ्लॉन टेपचे तुकडेही पाण्याबरोबर वाहतात; टेफ्लॉन हे प्लास्टिकच आहे. पाईप जोडण्यापूर्वी कापलेली कड घासून आतून ओल्या फडक्याने पुसावी असे प्लंबरला सांगावे. काम झाल्यावर तोट्यांच्या टोकाच्या जाळ्या काढून दहा-पंधरा मिनिटे पाणी बादल्यांत सोडावे, ते पाणी फडक्यातून गाळून संडासासाठी वापरावे आणि मगच जाळ्या परत बसवाव्यात. पहिल्यांदा काढलेल्या जाळीत जे सापडते ते पाहिल्यानंतर ही पायरी कोणाला पटवून द्यावी लागत नाही.

पायरी तिसरी: गाळणे, उकळणे आणि यंत्र निवडणे

आपल्या घरांत वस्त्रगाळ पाण्याची सवय पूर्वापार आहे आणि ती टिकवण्याजोगी आहे. बांगलादेशातील खेड्यांत रीटा कॉलवेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेल्या अभ्यासात जुन्या सुती साडीच्या किमान चार घड्या घालून पाणी गाळले असता पटकीचे प्रमाण सुमारे ४८ टक्क्यांनी घटल्याचे २००३ मध्ये प्रसिद्ध झाले. अशा घडीची छिद्रे २० मायक्रॉनच्या आसपास असतात. जुने कापड घ्यायचे ते मुद्दाम, कारण वारंवार धुण्याने सुताचे धागे फुलतात आणि छिद्रे लहान होतात. २० मायक्रॉनपेक्षा मोठे तंतू व तुकडे अशा फडक्यावर अडकतात, बारीक कण मात्र निघून जातात. फडके शंभर टक्के सुतीच असले पाहिजे. टेरिकॉटचे किंवा मायक्रोफायबरचे फडके स्वतःच तंतू सोडते. तोटीला कायमचे बांधून ठेवलेले ओले, काळपट फडके जंतूंचे घर बनते, म्हणून ते रोज धुऊन कडक उन्हात वाळवावे.

उकळण्याविषयी अलीकडे एक महत्त्वाची माहिती पुढे आली आहे. चीनमधील ग्वांगझू येथील संशोधकांनी फेब्रुवारी २०२४ मध्ये दाखवून दिले की कठीण पाणी पाच मिनिटे उकळल्यास त्यातील चुना स्फटिकरूपाने वेगळा होताना प्लास्टिकचे कण स्वतःत गुरफटून घेतो. लिटरमागे ३०० मिलिग्रॅम कठीणता असलेल्या पाण्यातून जवळपास ९० टक्के कण अशा रीतीने निघाले. मृदू पाण्यात, म्हणजे लिटरमागे ६० मिलिग्रॅमपेक्षा कमी कठीणता असताना, हेच प्रमाण सुमारे २५ टक्के होते. या बातमीचा मथळाच तेवढा सगळीकडे फिरला आणि उकळले की प्लास्टिक गेले असा समज झाला. कोल्हापुरात तो अनेक घरांसाठी चुकीचा ठरू शकतो. कूपनलिकेचे पाणी पिणाऱ्यांनी ते स्टीलच्या पातेल्यात पाच मिनिटे खळखळून उकळावे, झाकून थंड होऊ द्यावे, न ढवळता वरचे पाणी सुती फडक्यातून गाळून घ्यावे आणि तळाचे शेवटचे दोन बोटे पाणी टाकून द्यावे. चुना त्या तळाच्या पाण्यातच असतो. धरणाचे मृदू पाणी पिणाऱ्यांनी पावसाळ्यात जंतूंसाठी पाणी अवश्य उकळावे, परंतु प्लास्टिकसाठी गाळणीवरच भिस्त ठेवावी.

आता यंत्रांविषयी. अतिनील प्रकाशाचा, म्हणजे यूव्हीचा दिवा जंतू मारतो, कण काढत नाही. कार्बनचे गाळण वास, क्लोरीन आणि काही रसायने शोषते, कण मात्र थोडेच अडवते. यूएफ, म्हणजे अतिसूक्ष्म पोकळ तंतूंचे गाळण, साधारणतः ०.०१ ते ०.१ मायक्रॉनपर्यंतचे कण थांबवते, त्यामुळे सगळे मायक्रोप्लास्टिक त्याच्या आवाक्यात येते. शिवाय त्याचे काही प्रकार विजेविना चालतात आणि पाणी वाया घालवत नाहीत. आरओचा पडदा यापेक्षाही बारीक असतो, पण तो क्षारही काढून टाकतो आणि एका लिटरमागे कित्येकदा दोन-तीन लिटर पाणी मोरीत सोडतो. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात, म्हणजे आयएस १०५०० मध्ये, टीडीएसची स्वीकारार्ह मर्यादा लिटरमागे ५०० मिलिग्रॅम आहे. आपल्या नळाचे पाणी त्याच्या बरेच खाली असेल तर केवळ प्लास्टिकच्या भीतीने आरओ घेऊ नये, यूएफ पुरेसे आहे. टीडीएस ५०० च्या वर असलेल्या कूपनलिकेच्या पाण्यासाठी मात्र आरओ योग्य ठरतो. जुन्या पद्धतीचे स्टीलचे कँडल फिल्टरही कमी लेखू नयेत. चांगल्या प्रतीच्या चिनी मातीच्या कँडलची छिद्रे एका मायक्रॉनच्या आसपास असतात आणि कँडलला तडा नसेल, रबरी वॉशर घट्ट असेल, तर ती उत्तम काम देते.

यंत्राच्या बाहेर पारदर्शक भांड्यात पांढरी दोऱ्यासारखी नळी असते, तिला स्पन फिल्टर म्हणतात. ती पॉलिप्रॉपिलीनच्या तंतूंची बनलेली असते. ती वेळेवर बदलली नाही तर तिच्यातूनच तंतू सुटू शकतात, म्हणून तिच्यानंतर पाण्याच्या वाटेवर यूएफ किंवा आरओचा पडदा असलाच पाहिजे. नवी नळी बसवल्यावर पहिली एक-दोन भांडी पाणी पिऊ नये. गाळलेले पाणी प्लास्टिकच्या पिंपात न साठवता तांब्याच्या, पितळेच्या कल्हईच्या किंवा स्टीलच्या भांड्यात झाकून ठेवावे, आणि कार्बनने क्लोरीन काढलेले असल्यामुळे ते चोवीस तासांत संपवावे.

पायरी चौथी: बाटली आणि उष्ण पदार्थ

बाटलीबंद पाणी हा मायक्रोप्लास्टिकवरचा उपाय नाही. न्यूयॉर्क राज्य विद्यापीठाच्या फ्रेडोनिया येथील संशोधकांनी २०१८ मध्ये वेगवेगळ्या देशांतील ११ ब्रँडच्या २५९ बाटल्या तपासल्या. त्यांपैकी ९३ टक्के बाटल्यांत प्लास्टिकचे अंश होते आणि मोठ्या कणांत सर्वाधिक वाटा पॉलिप्रॉपिलीनचा, म्हणजे बाटल्यांची झाकणे ज्याची बनतात त्या प्लास्टिकचा होता. जानेवारी २०२४ मध्ये कोलंबिया विद्यापीठातील संशोधकांनी अधिक सूक्ष्म पद्धतीने मोजणी केली, तेव्हा एका लिटरमध्ये सरासरी सुमारे २ लाख ४० हजार कण आढळले आणि त्यांतील ९० टक्के नॅनोप्लास्टिक होते. झाकण वारंवार फिरवल्याने घर्षणातून कण सुटतात. म्हणून एकदा वापरायची बाटली पुन्हा पुन्हा भरणे, ती गाडीच्या उन्हात ठेवणे किंवा चुरगाळलेली वापरणे टाळावे. कार्यालयात जार अपरिहार्य असेल तर तो खिडकीच्या उन्हात ठेवू देऊ नये आणि ओरखड्यांनी धुरकट झालेला जार परत करावा.

यापेक्षाही माझा आग्रह उष्ण पदार्थांबाबत अधिक आहे, कारण येथे बदल सोपा आहे आणि त्याचा परिणाम लगेच होतो. आयआयटी खरगपूरमधील संशोधकांनी २०२० मध्ये दाखवले की कागदी कपात ८५ ते ९० अंश सेल्सिअसचे १०० मिलिलिटर पाणी पंधरा मिनिटे ठेवल्यास आतील प्लास्टिकच्या अस्तरातून सुमारे २५ हजार मायक्रोप्लास्टिक कण पाण्यात उतरतात. चुलीवरून नुकताच उतरवलेला तांबडा-पांढरा रस्सा पातळ पिशवीत ओतून गाठ मारून देतात, किंवा दुकानात बसल्या जागी चहा पिशवीतून मागवतात, तेव्हा हीच क्रिया घडते. त्यात रश्शाला तर तेलाचा तवंगही असतो. पार्सलसाठी घरून स्टीलचा कडीचा डबा न्यावा आणि दुकानात किटली व काचेचे पेले ठेवावेत. डबा नेला तर खानावळवाले नाही म्हणत नाहीत, उलट त्यांची पिशवी वाचते.

पायरी पाचवी: धुणे

येथून आपण घरात येणाऱ्या पाण्याकडून घरातून जाणाऱ्या पाण्याकडे वळतो. घरातून सांडपाण्यात जाणाऱ्या प्लास्टिकमध्ये कपड्यांच्या तंतूंचा वाटा मोठा असतो. पॉलिस्टर, नायलॉन आणि ॲक्रिलिक ही सर्व प्लास्टिकेच आहेत. साडी असो, शाळेचा गणवेश असो की हिवाळ्यातला स्वेटर, धुताना त्यातून बारीक तंतू तुटून पाण्यात जातात. प्लिमथ विद्यापीठाच्या २०१६ मधील अभ्यासानुसार सहा किलो कपड्यांच्या एका धुण्यातून ॲक्रिलिकचे ७ लाखांहून अधिक, पॉलिस्टरचे सुमारे ४ लाख ९६ हजार आणि पॉलिस्टर-सुती मिश्र कापडाचे सुमारे १ लाख ३८ हजार तंतू सुटू शकतात. फ्रान्सने २०२० च्या कायद्याने नव्या धुलाई यंत्रांत तंतू अडवणाऱ्या गाळणीची अट घातली, ती याच कारणाने. आपल्याकडे हे काम तूर्त आपणच केले पाहिजे.

पहिली गोष्ट म्हणजे यंत्र पूर्ण भरल्याशिवाय लावू नये. न्यूकॅसल विद्यापीठाच्या २०१९ मधील अभ्यासात असे दिसले की कापडाच्या मानाने पाणी जितके जास्त तितके अधिक तंतू सुटतात. म्हणूनच नाजूक कपड्यांसाठी असलेला भरपूर पाण्याचा कार्यक्रम साध्या कार्यक्रमाच्या तुलनेत सरासरी ८ लाख तंतू अधिक सोडतो. नाजूक नावामुळे तो निवडणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावे. थंड पाणी आणि कमी वेळाचा कार्यक्रम निवडावा. जीन्स किंवा चादरीसारखे जाड कपडे पॉलिस्टरच्या कपड्यांबरोबर एकाच फेरीत टाकू नयेत, कारण त्यांच्या घासण्याने तंतू तुटतात. हाताने धुतल्यास यंत्राच्या मानाने तंतू कितीतरी कमी सुटतात, मात्र ब्रशने खसाखसा घासल्यास ते वाढतात. पॉलिस्टरचा कपडा साबणाच्या पाण्यात भिजवून हलक्या हाताने चोळणे पुरते.

दुसरी गोष्ट म्हणजे यंत्राच्या पाणी सोडणाऱ्या नळीला गाळणी. त्यासाठी दीड-दोन फूट लांबीची मांजरपाटाची पिशवी शिवावी, तोंडाला नाडी ठेवावी आणि नळीच्या टोकाला बांधून ती मोठ्या बादलीत किंवा टबात सोडावी. बादलीतून ओसंडणारे पाणी मोरीत जाईल. पिशवी लहान असली किंवा तुंबली तर यंत्राच्या पंपावर ताण येतो, म्हणून ती ऐसपैस असावी आणि पहिल्या काही धुण्यांच्या वेळी जवळ उभे राहून पाहावे. धुणे झाल्यावर पिशवी उलटी करून वाळवावी. ओली असताना ती नळाखाली धुतली तर सर्व श्रम पाण्यात जातात. वाळल्यावर जी करड्या रंगाची लव सुटते ती कागदात बांधून सुक्या कचऱ्यात द्यावी. यंत्राच्या आतील जाळीतली लवही अशीच काढावी. ती जाळी मोरीत झटकण्याची सवय जवळजवळ प्रत्येक घरात असते.

नदीवर किंवा पाणवठ्यावर कपडे धुण्याची वेळ येत असेल तर सिंथेटिक कपडे तेथे धुऊ नयेत, कारण तेथून तंतू थेट नदीत जातात. इचलकरंजी परिसरात यंत्रमाग चालवणाऱ्यांनी मागाखाली साचणारी सिंथेटिक सुताची लव पाण्याने गटारात न ढकलता कोरडी झाडून गोळा करावी. यासाठी खर्च काही नाही.

भांड्यांसाठीही हाच विचार करावा. हिरवी खरबरीत घासणी नायलॉनची असते आणि झिजत झिजत महिन्याभरात अर्धी होते. झिजलेली अर्धी मोरीतून गेलेली असते. नारळाचा काथ्या किंवा वाळलेल्या घोसाळ्याची जाळी हे काम तितकेच चांगले करते.

पायरी सहावी: मोरीच्या पलीकडे

शहराचे सांडपाणी शुद्धीकरण केंद्र कसबा बावड्यात आहे. त्याची क्षमता दिवसाला ७६ दशलक्ष लिटर असून दुधाळी नाल्यावरील केंद्राची १७ दशलक्ष लिटर आहे. अशा केंद्रांत जाळ्या, रेती बसवण्याचे हौद आणि जीवाणूंकडून होणारी प्रक्रिया असते, आणि ती नीट चालली तर सांडपाण्यातील ९० टक्क्यांहून अधिक मायक्रोप्लास्टिक पाण्यातून वेगळे होऊ शकते. फिनलंडमधील २०१७ च्या अभ्यासात पडद्याच्या जैव प्रक्रियेने, म्हणजे एमबीआरने, ९९.९ टक्के आणि जलद वाळू गाळणीने ९७ टक्के कण काढल्याचे दिसले. मात्र जे पाणी केंद्रापर्यंत पोहोचतच नाही, गटार तुंबून किंवा पावसात ओसंडून नाल्यातून थेट नदीत जाते, त्याला या आकड्यांचा काही उपयोग नाही.

म्हणून नागरिकांनी प्रभागात विचारण्याचे प्रश्न नेमके असावेत. आमच्या गल्लीची ड्रेनेज लाइन केंद्राला जोडलेली आहे का, की ती पावसाच्या गटारात सोडली आहे? नाला अडवून पाणी उपसणारे पंप वीज गेल्यावर चालतात का? केंद्रातला मैलागाळ कोठे जातो? शेवटचा प्रश्न मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. पाण्यातून काढलेले प्लास्टिक नाहीसे होत नाही, ते त्या गाळात राहते. हा गाळ खत म्हणून शेतात टाकला तर पुढच्या पावसात त्याचा काही भाग पुन्हा ओढ्याला लागतो. सेप्टिक टँक उपसणाऱ्या गाडीच्या बाबतीतही हेच लागू आहे. गाडी केंद्रावर रिकामी करणार की आडरानात, हे पैसे देण्यापूर्वी विचारावे. ज्या मोठ्या सोसायट्यांना स्वतःचा एसटीपी, म्हणजे सांडपाणी शुद्ध करणारा प्रकल्प, आहे त्यांनी देखभालीच्या करारात शेवटच्या वाळू गाळणीची सफाई आणि गाळाची विल्हेवाट या दोन बाबी लेखी नमूद करून घ्याव्यात.

सेप्टिक टँक असो वा ड्रेनेज, संडासात ओले टिश्यू, सॅनिटरी पॅड किंवा डायपर टाकू नयेत. ओल्या टिश्यूंचे कापड पुष्कळदा पॉलिस्टरचे असते.

पायरी सातवी: स्वतः पाहावे

शाळा, महाविद्यालये आणि जिज्ञासू घरे यांना ही पायरी करता येईल. वीस लिटर पाणी हळूहळू प्रयोगशाळेतील गोल गाळण कागदातून गाळावे. क्रमांक १ च्या कागदाची छिद्रे सुमारे ११ मायक्रॉनची असतात. कागद काचेच्या झाकणाखाली वाळवावा आणि साध्या सूक्ष्मदर्शकाखाली किंवा मोबाइलला लावायच्या भिंगाखाली पाहावा. रंगीत, सर्वत्र सारख्या जाडीचा तंतू दिसला की सुईचे टोक लाल होईपर्यंत तापवून त्याच्या जवळ न्यावे. प्लास्टिक वितळते किंवा आक्रसते, सूत तसे करत नाही. मी प्रथम हे केले तेव्हा निळे तंतू भरपूर सापडले आणि नंतर लक्षात आले की ते माझ्याच अंगावरील पॉलिस्टरच्या शर्टाचे होते. तेव्हापासून सुती कपडे घालून, पंखा बंद करून काम करतो, आणि दरवेळी एक कोरा कागद शेजारी उघडा ठेवतो. त्यावर जितके तंतू पडतात तितके मोजणीतून वजा करतो. प्रयोगशाळांतही हा नियम पाळला जातो.

रंकाळ्याच्या किंवा पंचगंगेच्या काठची वाळू तपासायची असल्यास एक लिटर पाण्यात सुमारे ३५० ग्रॅम मीठ विरघळवून त्यात मूठभर वाळू ढवळावी आणि काही तास स्थिर ठेवावी. पॉलिथिन, पॉलिप्रॉपिलीन आणि पॉलिस्टायरिन वर तरंगतात. बाटल्यांचे पीईटी आणि पाईपचे पीव्हीसी मात्र जड असल्यामुळे तळाशीच राहतात, म्हणून वरच्या थरात काही दिसले नाही तरी वाळू स्वच्छ आहे असे ठरवू नये. प्लास्टिकचा नेमका प्रकार ओळखण्यास अवरक्त किंवा रामन वर्णपटमापक लागतो आणि तो विद्यापीठांच्या प्रयोगशाळांतच असतो.

प्रत्येक कागदावर पेन्सिलीने तारीख, ठिकाण, पाण्याचे प्रमाण आणि कोऱ्या कागदावरील संख्या लिहावी. तो कागदी पाकिटात ठेवावा, प्लास्टिकच्या पिशवीत नव्हे. एकाच नळाचे मे, जुलै आणि नोव्हेंबरमधील असे तीन कागद शेजारी ठेवता आले की पुराआधीचे, पुरातले आणि पुरानंतरचे पाणी प्रत्यक्ष तुलना करून पाहता येते.